गोड पाणी आणि लाल पंप

उन्हाळा लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दोन माणसे भेटल्यावर विचारपूस होते ती पाण्याची. "तुमच्याकडे पाणी आहे का?" हा पहिला प्रश्न. नळ किती दिवसांनी येतो, विहिरीला किती हात पाणी राहिले, टँकर सुरू झाला का, हे सारे त्याचेच पोटप्रश्न. "तुमच्याकडचे पाणी कसे आहे?" असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, "गोड आहे." गोड म्हणजे खारट नाही, मचूळ नाही, जिभेला बरे लागते. तेवढ्यावर आपण पाण्याला पास करून टाकतो.

हा दुसरा प्रश्न विचारण्यासाठीच ज्याला नेमले आहे असा एक माणूस जिल्ह्यात असतो. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचा कार्यकारी अभियंता. आपल्याला तो दिसतो टाकीच्या भूमिपूजनाला, नाही तर घागरी घेऊन मोर्चा आला की. त्याचे खरे काम या दोन्हींच्या मधल्या दिवसांत चाललेले असते. सोळा तालुके, हजाराहून अधिक ग्रामपंचायती आणि त्यांतल्या विहिरी, बोअर, हातपंप, टाक्या, नळ. पाणी कोठून घ्यायचे, ते पिण्याजोगे आहे की नाही, नसेल तर काय करायचे आणि तोवर लोकांनी काय प्यायचे, हे ठरवण्याची जबाबदारी शेवटी त्याच्या टेबलावर येऊन पडते. या कामातली एक अवघड गाठ मला कशी कळली ते आज सांगतो. मी भूगोलाचा मास्तर, अभियंता नव्हे. म्हणून जे सांगेन ते तुमच्या-माझ्यासारख्याला समजेल एवढेच सांगेन.

काही वर्षांपूर्वी केळापूर तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होते. पोडाच्या तोंडाशीच हातपंप होता. दोन दांडे मारले की काचेसारखी स्वच्छ धार. मी ओंजळीने पोटभर प्यालो आणि पोरांना मोठ्या ऐटीत म्हणालो, "असे पाणी यवतमाळात पैसे देऊनही मिळायचे नाही!" पंपाच्या अंगावर तांबड्या रंगाचे पोपडे होते. ते मी पाहिले आणि गंज समजून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी पाणी भरणाऱ्या एका बाईंना सहज विचारले, "पलीकडे विहीर आहे, तिचे का नाही भरत?" त्या म्हणाल्या, "हे गोड लागते नं जी. अन् याच्यात डाळ लवकर शिजते. त्या विहिरीच्या पाण्यात शिजता शिजत नाही."

त्या बोलल्या त्यातला शब्द न् शब्द खरा होता. संध्याकाळी पाण्याचे नमुने घ्यायला एक उपअभियंता आले. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की ते पोपडे गंजाचे नव्हेत. पाण्यात फ्लोराइड जास्त निघाले म्हणून पंपाला लाल रंग दिला होता. लाल म्हणजे पिऊ नका. रंग उन्हापावसाने उडाला, पंप मात्र चालूच राहिला.

मग मी पोडावरच्या मुलांकडे नीट पाहिले. पोरे हसली की समोरच्या दातांवर आडवे पिवळसर-तपकिरी पट्टे दिसत. आदल्या दिवशी मला वाटले होते, पोरे दात घासत नाहीत. मी त्यांना राखुंडीवर एक छोटे व्याख्यानही दिले होते! त्या व्याख्यानाची मला आजही लाज वाटते.

फ्लोराइड हा काही कारखान्यातून आलेला विषारी पदार्थ नव्हे. तो खडकातच असतो. थोड्या प्रमाणात तो दातांना उपकारकही आहे. पण प्रमाण ओलांडले की उलटे होते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते, पुढे नाही. दीड मिलिग्रॅम म्हणजे किती? हजार लिटरच्या टाकीत दीड ग्रॅम, चिमूटभर मीठ म्हणा ना. ना त्याला रंग, ना वास, ना चव. त्यात आपला उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. कापसाच्या वावरात राबणारा माणूस थंड देशातल्या माणसाच्या कितीतरी पट पाणी पितो, आणि जितके पाणी अधिक तितके फ्लोराइडही अधिक.

मुलांचे कायमचे दात हिरडीच्या आत साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असतात. त्या काळात जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दाताचे कवच नीट घडत नाही. आधी खडूसारखे पांढरे डाग येतात, पुढे ते पिवळे-तपकिरी होतात. हे डाग दाताच्या वर नसतात, दातात असतात. म्हणून ते घासून जात नाहीत. आणि हेच पाणी दहा-वीस वर्षे पीत राहिले तर ते हाडांवर आणि सांध्यांवर येते. मान वळत नाही, कंबर वाकत नाही, चाळिशीचा माणूस सत्तरीचा दिसू लागतो. गावात त्याला वात म्हणतात. एकदा झाले की ते बरे करणारे औषध नाही.

दातांच्या या डागांचे कोडे सुटायला जगालाही बराच वेळ लागला, बरे का! अमेरिकेत कोलोरॅडो भागातल्या लोकांचे दात तपकिरी का, याचा शोध मॅके नावाचे दंतवैद्य १९०१ च्या सुमारास घेऊ लागले. कारण पाण्यातले फ्लोराइड आहे हे ठरायला १९३१ साल उजाडले. भारतात नेल्लोर भागातल्या लोकांच्या हाडांच्या विकाराची नोंद १९३७ साली झाली. आपल्या पांढरकवडा भागातल्या भूजलातील फ्लोराइडवर भूवैज्ञानिकांचा एक अभ्यास २००७ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आला आहे.

आता हे पाण्यात येते कसे? आपला जिल्हा बहुतेक काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. पूर्वेला वणीकडे मात्र जमिनीचे पोट वेगळे, तिथे दगडी कोळसा आहे, चुनखडी आहे, वालुकाश्म आहे. पावसाचे पाणी मुरते तेव्हा ते खडकातले काही ना काही उचलत जाते. चहाचे पाहा ना. पत्ती जितका वेळ पाण्यात, तितका कडकपणा जास्त. उथळ विहिरीचे पाणी दर पावसाळ्यात नवे होते. खोल बोअरचे पाणी वर्षानुवर्षे खडकाच्या सहवासात राहिलेले असते, म्हणून फ्लोराइडची भीती तिथे जास्त. दुसरी गोष्ट चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची. ज्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, तिथे फ्लोराइड त्याच्याशी जोडी करून खाली बसते. ज्यात कॅल्शियम कमी आणि सोडा जास्त, त्यात ते विरघळलेलेच राहते.

आता त्या बाईंची डाळ आठवा. डाळ कशाने शिजत नाही? पाण्यातल्या चुन्याने. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. ज्या हलक्या पाण्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, जिभेला गोडी वाटते, त्याच पाण्यात फ्लोराइड टिकून राहण्याचा संभव अधिक. हलके पाणी म्हणजे फ्लोराइडचेच, असे मात्र समजू नका. तपासल्यावाचून कोणालाच ते सांगता यायचे नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या खुणांवरून आपल्या आयाबहिणींनी पाणी पारखले, त्याच खुणा इथे फसवतात, ही गोष्ट मला फार जिव्हारी लागली.

ज्यांनी या बोअर खणल्या त्यांना दोष देणे सोपे आहे. मी तो देणार नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. विहिरी कोरड्या, जनावरे दावणीला मेलेली. त्याच वर्षी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापना झाली आणि गावोगावी बोअर खणण्याच्या कामाला वेग आला. पुढे सोलापूरच्या पंपावरून सुधारलेला 'इंडिया मार्क टू' हातपंप देशभर पसरला. त्यामुळे माणसे उघड्या पायविहिरींत उतरायची थांबली. नारू आठवतो का? पायातून दोऱ्यासारखा जंत बाहेर येणारा तो रोग पायविहिरीच्या पाण्यातूनच होई. देशातला त्याचा शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. त्या यशात झाकलेल्या विहिरींचा आणि हातपंपांचा मोठा वाटा आहे. बोअरच्या पाण्याने पटकी आणि हगवणही कमी केली. त्या वेळच्या अभियंत्यापुढे प्रश्न होता जंतूंचा आणि तहानेचा, आणि त्याचे उत्तर बरोबर होते. आजच्या अभियंत्यापुढे त्याच उत्तरातून निघालेला नवा प्रश्न आहे.

आपण म्हणाल, पाणी उकळून प्यावे. नाही, उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड तसेच राहते, उलट पाणी आटल्याने थोडे दाटच होते. टीसीएल पावडरचाही उपयोग नाही. घागरीत तुरटी फिरवून गाळ बसतो, फ्लोराइड बसत नाही. चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर मोजून मापून घालून, ढवळून, निवळून फ्लोराइड काढण्याची एक रीत आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेने बसवली. ती 'नळगोंडा पद्धत' म्हणून ओळखली जाते. रीत चांगली, पण रोज, न चुकता, मापाने करावी लागते. अॅल्युमिनाचे गाळणे असते, ते काही काळाने भरून निकामी होते आणि पुन्हा धुऊन तयार करावे लागते. आरओ यंत्राने फ्लोराइड निघते, मात्र त्याला वीज लागते आणि बरेच पाणी वाया जाते. यंत्र बसवण्याच्या दिवशी गर्दी होते. सहा महिन्यांनी ते बंद पडले की किल्ली कोणाकडे आहे तेही सापडत नाही. ही थट्टा नव्हे. यंत्र बसवताना पुढच्या पाच वर्षांची देखभाल कोण करील, हे आधी विचारतो तो अभियंता मी जाणता समजतो.

म्हणून पहिला उपाय एकच, स्रोत बदलणे. उथळ विहीर नीट बांधून, झाकून, तिच्याजवळ पावसाचे पाणी मुरवणे. नाही तर धरणाचे किंवा नदीचे पाणी शुद्ध करून प्रादेशिक योजनेने आणणे. वर्धा, पैनगंगा, बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस, जिल्ह्याला नद्यांची वाण नाही. पण नदीपासून दूर, टेकाडावर, विशी-तिशी घरांचे पोड असते. नळ तिथवर पोचतो तेव्हा तो शेवटच्या टोकाचा असतो, आणि टोकाला दाब उरत नाही. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप ठरवले. ते माप रस्त्यालगतच्या गावाला मिळणे आणि पोडाला मिळणे यांत फार अंतर आहे.

तोवर लाल पंपाचे काय करायचे? इथे अभियंत्याची खरी कसोटी लागते. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मेलेल्यांची घरे शोधली आणि त्यांतली बहुतेक ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती आहेत हे दाखवले. मग पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. गोष्ट प्रसिद्ध आहे. पण लंडनच्या त्या वस्तीत दुसरे पंप जवळच होते. आपल्या पोडावर मे महिन्यात दांडा काढला तर बाया दोन किलोमीटर लांबून, नाल्यातल्या झिऱ्याचे पाणी आणतील. ते पिऊन पोर हगवणीने आठवड्यात दगावू शकते. दांडा ठेवला तर तेच पोर वीस वर्षांनी वाकते. चटकन मारणारे पाणी की सावकाश मोडणारे? अशी निवड ज्याला करावी लागते त्याच्या जागी स्वतःला क्षणभर ठेवून पाहा. म्हणून पंप काढत नाहीत, रंगवतात. धुण्याभांड्याला चालेल, प्यायला नाही. कागदावर हे अगदी शहाणपणाचे आहे.

जंतूंचे नाव निघालेच आहे, तर त्याविषयी थोडे, कारण तो धोका जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला आहे आणि त्याचा उपाय गावाच्या हातात आहे. विहिरीत टीसीएल किती घालावी, याचे गणित सातवीच्या मुलालाही येईल. व्यासाचा वर्ग गुणिले ३.१४, भागिले ४, गुणिले पाण्याची खोली, सारे मीटरमध्ये. आले ते घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. समजा विहिरीचा व्यास ४ मीटर, पाणी ३ मीटर. म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने १९० ग्रॅमच्या आसपास पावडर. ती बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरची निवळी विहिरीत सोडायची आणि किमान अर्धा तास पाणी उपसायचे नाही. पावडरीचे तोंड उघडे राहिले की तिच्यातला क्लोरिन उडून जातो आणि उरते ती नुसती पांढरी माती. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात ओलीने गठ्ठा झालेले पोते असेल तर ते टाकून द्या. नळाच्या शेवटच्या घरी ओटी चाचणीत पाणी पिवळसर झाले, म्हणजे लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरला, तर शुद्धीकरण झाले असे समजावे. पहिल्या घरी तपासून उपयोग नाही.

पुष्कळ ठिकाणी टाकीतले पाणी शुद्ध असते, ते नासते वाटेत. नळाला तोटी नाही, खड्ड्यातला नळ नालीत बुडालेला, आणि त्यावर कोणी तरी टिल्लू पंप लावून ओढतो. पाइपातला दाब गेला की फुटक्या जोडातून नालीचे पाणी आत शिरते. टिल्लू लावणाऱ्याला वाटते आपण चार घागरी जास्त मिळवल्या. शेजाऱ्याच्या घरी काय पोचले ते त्याला ठाऊक नसते.

आणि रजिस्टर! कॅनडातल्या वॉकरटन या लहानशा गावी मे २००० मध्ये पाण्यातून जंतू पसरले, सात माणसे मेली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. चौकशीत निघाले की क्लोरिन मोजल्याचे आकडे वर्षानुवर्षे न मोजताच लिहिले जात होते. देश श्रीमंत, वही व्यवस्थित भरलेली. आपल्याकडेही वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे ते विचारायला कोणाचीच आडकाठी नाही. जिल्ह्याचा अभियंता हजार गावांत रोज जाऊ शकत नाही. तो वाचतो ती वही. वही खोटी असेल तर तो आंधळा होतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, फ्लोराइडच्या बाबतीत तुमचे डोळे त्या वहीहून मोलाचे आहेत. दुसरी-तिसरीच्या वर्गात कायमचे दात येऊ लागलेली पोरे रोज तुमच्यापुढे हसतात. दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखेच आडवे पट्टे, आणि तेही एकाच वस्तीतल्या अनेक मुलांच्या, असे दिसले तर त्या वस्तीचे पाणी तपासायला पाठवा. गावात जलसुरक्षक असतो, पाणी तपासायला शिकवलेल्या महिला असतात, तपासणीची पेटी असते. पेटीतल्या औषधाने नमुना गुलाबीच राहिला तर ठीक, पिवळ्याकडे झुकला तर फ्लोराइड जास्त. मग लिटरभर पाणी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत प्रयोगशाळेकडे द्यावे आणि निकाल लेखी मागावा. मुलांच्या आहारात दूध, तीळ, आवळा असला तर शरीराला थोडी मदत होते. कोरा काळा चहा लहान मुलांना देऊ नये, त्यातही फ्लोराइड असते. पण पाणी बदलणे हा मुख्य उपचार, बाकी सारे जोडीला.

गेल्या वर्षी मी त्या पोडावर पुन्हा गेलो. नळ आला होता, दिवसाआड का होईना. हातपंपाला नवा लाल रंग होता, चांगला ठसठशीत. त्या बाई भेटल्या. मी विचारले, "आता कोणते पाणी पिता?" म्हणाल्या, "नळाचेच पितो जी. साहेबांनी सांगितलं तवापासून याचं घोटभर नाही पित." मला बरे वाटले. मग पंपाखाली भरून ठेवलेल्या गुंडाकडे माझे लक्ष गेले. "आणि हे?" "हे सैपाकाले. डाळ याच्यातच शिजते नं."

डाळीत, भातात, भाकरीच्या पिठात मुरलेले पाणी पोटातच जाते. लाल रंगाने "पिऊ नका" एवढेच सांगितले होते. पोडावरच्या शाळेच्या गुरुजींना मी हे बोललो. त्यांनी दुपारच्या सुट्टीत चुन्याची कुंची घेतली आणि पंपाच्या ओट्यावर हातभर अक्षरांत लिहिले, "पिण्यास नाही. स्वयंपाकास नाही." ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारी चुलीवरच्या भांड्याचे चित्र काढून त्यावर फुली मारली. पोरे भोवती उभी राहून पाहत होती.